सरकारी ठेकेदारीतून विकसनात उतरायचं आहे: १२ गुंठ्यांचं गणित कसं मांडावं?

सांगलीकर_सिव्हिल:
सिव्हिल डिप्लोमा, पीडब्ल्यूडीकडे ठेकेदार म्हणून नोंदणी, कामं बहुतेक जिल्हा परिषदेची: शाळाखोल्या, अंगणवाड्या, सिमेंटचे रस्ते. आता एक जागा समोर आली आहे. महापालिका हद्दीच्या कडेला १२ गुंठे, समोर ९ मीटरचा रस्ता, सातबाऱ्यावर चार नावं. मालक जागा विकणार नाहीत. विकसन करार करून बांधीव क्षेत्रात ४० टक्के वाटा मागतात. त्या भागात रेरा चटई क्षेत्राला (रेरा या गृहनिर्माण कायद्याप्रमाणे मोजलेलं घराच्या आतलं क्षेत्र) चौरस फुटाला साधारण ६,५०० रुपये भाव मिळतो.

विचारायचं ते असं. ४० टक्के परवडतात का? कागदपत्रांत आधी काय तपासायचं? सरकारी कामं चालू ठेवून हे जमतं का? आणि ठेकेदारीतून विकसनात गेलेल्यांचं नेमकं कुठे अडतं? रस्त्यांच्या मोठ्या कामांत पुढेमागे जायची इच्छा आहे, त्याबद्दलही लिहिलंत तर बरं.

ताळेबंद:
आधी वाट्याचं बघू, कारण तिथे आकडे जमले नाहीत तर बाकीच्या प्रश्नांना अर्थ उरत नाही.

१२ गुंठे म्हणजे १,२१४ चौ.मी. यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे मूळ एफएसआय (जागेच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१०, म्हणजे १,३३५ चौ.मी. त्यावर निवासी वापराला ६० टक्के अॅन्सिलरी, म्हणजे पूरक, एफएसआय प्रीमियम भरून मिळतो, तो ८०१. एकूण २,१३६ चौ.मी., म्हणजे सुमारे २३,००० चौ.फूट. यात भिंती, बाल्कन्या, जिने, लॉबी सगळं मोजलेलं असतं, त्यामुळे विकण्याजोगं रेरा चटई क्षेत्र पाऊण हिश्श्याच्या आसपास पडेल. १७,२०० धरा. नेमका आकडा आर्किटेक्टकडून काढून घ्या, कारण जिना आणि लिफ्ट कुठे बसते यावर हजार फूट इकडचे तिकडे होतात.

आता खर्च. बांधायचं क्षेत्र २३,००० नाही. खालचं पार्किंग, टाक्या, लिफ्टची मशीन रूम धरून ते २८,००० फुटांच्या घरात जाईल. फुटाला २,००० रुपये धरले तर ५ कोटी ६० लाख.

मालकांना ४० टक्के दिले की तुमच्याकडे १०,३२० फूट उरतात. ६,५०० ने गुणले की ६ कोटी ७१ लाख. बांधकाम वजा जाता हातात राहतात १ कोटी ११ लाख. यातूनच अॅन्सिलरीचा प्रीमियम, विकास शुल्क, कामगार उपकर (बांधकाम खर्चाच्या १ टक्का), आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार, विकसन करारनाम्याचं मुद्रांक शुल्क, वकील, सीए, दलाली आणि व्याज जायचं आहे. एकटं व्याजच बघा: सरासरी अडीच कोटी रुपये दीड वर्ष अडकले आणि दर १४ टक्के असला, तर ५२ लाख रुपये होतात. म्हणजे ४० टक्क्यांवर हा प्रकल्प नुकसानीत आहे आणि ते पहिल्या दिवशीच कागदावर दिसतंय.

३० टक्के वाटा असेल तर तुमचे १२,०४० फूट, विक्री ७ कोटी ८३ लाख. बांधकाम वजा जाता २ कोटी २३ लाख. इथे श्वास घ्यायला जागा आहे, तीही फार नाही. सहा महिने विक्री रखडली तरी पाय जमिनीवर राहतील, एवढंच.

जीएसटी लोक विसरतात. १ एप्रिल २०१९ पासून निवासी फ्लॅटवर ५ टक्के, परवडणाऱ्या घरावर १ टक्का, दोन्हीकडे इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे सिमेंट-सळईवर भरलेला कर थेट खर्चात जातो, आणि ठेकेदारीत क्रेडिट घ्यायची सवय असलेल्याचा अंदाज इथेच चुकतो. परवडणाऱ्यासाठी दोन अटी: बिगर-महानगरात चटई क्षेत्र ९० चौ.मी.पर्यंत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत. ६५० फुटांचा फ्लॅट ६,५०० ने ४२ लाख २५ हजारांना जातो, म्हणजे १ टक्क्यात बसतो. पण त्यावर पार्किंग, क्लब हाऊस असं काही लावून ४५ लाखांची रेघ ओलांडली की ग्राहकावर ५ टक्के बसतात. फ्लॅटची आखणी करतानाच हे डोक्यात ठेवा. मालकांच्या वाट्याच्या फ्लॅटांचा जीएसटीसुद्धा विकासकालाच भरावा लागतो. तो त्यांच्याकडून वसूल करायचा की तुम्ही सोसायचा, हे करारात स्पष्ट लिहा. शिवाय खरेदीतली ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादाराकडून हवी. वाळू-खडी बिनपावतीची घेतली की तफावतीवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे पुरवठादाराऐवजी खरेदीदारावर येणारा, कर तुमच्याकडून जातो.

फेरफार:
चार नावं म्हणजे चार माणसं नव्हेत, चार घरं असू शकतात. आजचा सातबारा पाहून समाधान मानू नका. ३० वर्षांचे फेरफार उतारे काढा आणि प्रत्येक नाव कसं लागलं ते मागे मागे वाचत जा. वारसनोंद असेल तर त्या फेरफारात मुली आल्या आहेत का ते बघा. जुन्या नोंदींत बहिणींची नावं गाळलेली सर्रास सापडतात. हक्कसोडपत्र झालं असं कोणी तोंडी सांगितलं तर नोंदणीकृत दस्त मागा. वारस अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आईने किंवा काकाने सही करून भागत नाही.

‘इतर हक्क’ हा रकाना सगळ्यांत आधी वाचा. सोसायटीचा बोजा, बँकेचं गहाण, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, कुळाची नोंद, कुळकायदा कलम ४३ चा शेरा हे सगळं तिथेच असतं. भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा यांचा खर्च व वेळ गणितात धरावा लागतो, आणि तो कोण सोसणार हे आधी ठरवावं लागतं. वतन-इनाम असेल तर आणखी खोलात जावं लागेल.

मग मोजणी. भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि शेजाऱ्यांना नोटीस गेली आहे ना ते पाहा. कागदावर १२ गुंठे आणि जागेवर सव्वाअकरा हे नेहमीचं आहे. पाऊण गुंठा कमी भरला तर ७६ चौ.मी. गेले, म्हणजे वरच्या हिशेबाने विकण्याजोगे हजारभर फूट गेले. म्हणून करारात वाटा टक्क्यांत लिहा, फुटांत लिहू नका. जागा गावठाणाला लागून असेल आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक आणि सातबारा दोन्ही चालू असण्याची शक्यता असते. दोहोंतलं क्षेत्र जुळवून घ्या.

विकास आराखड्याचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. आरक्षण नाही ना, रस्तारुंदीत किती जातंय? समोरचा रस्ता ९ मीटर ‘आहे’ की आराखड्यात ‘दाखवलाय’, हा फरक मोठा आहे. ९ मीटरच्या आत गेलात तर मूळ १.१० आणि त्यावरची अॅन्सिलरी, एवढंच मिळतं. प्रीमियम एफएसआय आणि टीडीआरची (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) दारं बंद.

हे झाल्यावर वकिलाचा शोध अहवाल, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, आणि मगच टोकन. लोक उलट्या क्रमाने करतात. मालक दुसऱ्याला देईल या भीतीने आधी पाच लाख देऊन बसतात आणि मग फेरफार काढायला जातात.

विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र दोन्ही नोंदणीकृतच हवीत, चौघांच्या सह्या एकाच दिवशी. क्षेत्रात वाटा घेणारा जागामालक महारेरासमोर (रेरा कायद्याखालचं राज्याचं नियामक प्राधिकरण) प्रवर्तकच, म्हणजे विकासकासारखाच जबाबदार, ठरतो आणि आपल्या वाट्याचे फ्लॅट विकताना त्यालाही वेगळं खातं लागतं. मालकांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर नोंदणीच्या वेळी ‘आमचा काय संबंध’ म्हणून काम अडतं.

प्लिंथ_लेव्हल:
ठेकेदाराचं विकसनात कुठे अडतं? बांधकामात अडत नाही, ते त्याला येतं. पैसा कधी येतो, तिथे अडतं.

जिल्हा परिषदेच्या कामात बयाणा आणि सुरक्षा अनामत भरता, सिमेंट-सळई उधारीवर उचलता, मोजमाप पुस्तकात नोंद झाली की चालू बिल निघतं. उशीर होतो, पण देणारा एकच आणि तो कुठे जात नाही. विकसनात २६ फ्लॅट म्हणजे २६ गिऱ्हाईकं. त्यातल्या निम्म्यांचं गृहकर्ज अजून मंजूर व्हायचं असतं.

५०० चौ.मी.पेक्षा मोठी जागा किंवा ८ पेक्षा जास्त सदनिका असल्या की महारेरा नोंदणी लागते. तुमचं दोन्हीत बसतं. नोंदणीला बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र लागतं आणि नोंदणीआधी जाहिरात नाही, बुकिंग नाही, व्हॉट्सॲपवर ब्रोशरही नाही. म्हणजे मालकांची अनामत, मुद्रांक शुल्क, माती परीक्षण, नकाशे, महापालिकेचे प्रीमियम हे सगळं गिऱ्हाइकाचा एक रुपया येण्याआधी खिशातून. त्यानंतर करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदवल्यावर किती घेता येतं त्याचा टप्पा महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात ठरलेला आहे: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-आतला गिलावा-फरशी-दारं-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी फिटिंग, जिने, लॉबी झाल्यावर ८०, बाहेरचा गिलावा, बाहेरचं प्लंबिंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट-पंप-वीज झाल्यावर ९५, उरलेले ताबा देताना.

हा तक्ता नीट वाचा. स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्के आले, आणि तिथून बाहेरच्या गिलाव्यापर्यंत फक्त १५. पण फरशी, दारं-खिडक्या, प्लंबिंग, गिलावा यांचा खर्च १५ टक्क्यांत भागत नाही. स्लॅब भराभर पडतात, पैसे येतात, माणसाला वाटतं चाललंय छान, आणि त्या पैशातून दुसऱ्या जागेचं टोकन जातं. सांगाडा उभा राहून वर्षानुवर्षं तसेच पडलेले प्रकल्प याच टप्प्यावर अडलेले असतात. स्लॅबच्या काळात आलेल्या पैशातून फिनिशिंगचा पैसा बाजूला ठेवलाच पाहिजे.

कायदाही तेच करायला लावतो. जमा झालेल्या रकमेतले ७० टक्के स्वतंत्र खात्यात, आणि तिथून काढायचे तर फक्त जमीन व बांधकाम खर्चासाठी, कामाच्या प्रमाणात, आर्किटेक्ट, अभियंता आणि सीए यांच्या प्रमाणपत्रांवर. १ जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती ठेवायला लावली आहेत: सगळी वसुली येते ते, ७० टक्क्यांचं, आणि ३० टक्क्यांचं व्यवहार खातं. तिमाही माहिती भरायची राहिली तरी कारवाई होते. ताबा ठरल्या तारखेला दिला नाही तर स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा आधारभूत दर) अधिक २ टक्के दराने व्याज, आणि ग्राहक बाहेर पडला तर व्याजासह परतावा. म्हणून ताब्याची तारीख गिऱ्हाइकाला आवडेल ती टाकू नका. दोन पावसाळे धरून काढा.

सरकारी कामं चालू ठेवता येतील, पण संस्था वेगळी करा. नोंदणी तुमच्या नावावर आहे, तर विकसन एलएलपीत (मर्यादित दायित्वाची भागीदारी) घ्या. आणि जिल्हा परिषदेकडे अडकलेली अनामत ‘मार्चमध्ये सुटेल’ असं धरून जोत्याचं काँक्रीट ठरवू नका. दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत ती तुमची नाहीच असं समजा.

घाटरस्ता:
रस्त्यांबद्दल आणि ‘ठेकेदार ते विकासक’ या वाटेबद्दल. महाराष्ट्रात याचा सर्वांत लांब पल्ल्याचा नमुना एकाच कंपनीत दिसतो.

वालचंद हिराचंद, जन्म १८८२, सोलापूर. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. ते सोडून रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारी सुरू झाली. भांडवल एकाकडे, रेल्वेचं काम कसं चालतं याची माहिती दुसऱ्याकडे, असा तो मेळ होता. पुढे बोरघाटातले बोगदे, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, आणि ठेकेदारीच्या जोडीला जहाजं, साखर, विमान कारखाना. ठेकेदारीतला पैसा त्यांनी कारखान्यांत घातला, हे लक्षात घेण्यासारखं.

त्याच हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. मालक राज्य रस्ते विकास महामंडळ, काम २००० मध्ये सुरू, रस्ता खुला ३० जून २००९. अशा कामांत आराखडा बदलतो, परवानग्या लांबतात, वाढीव खर्चाचे दावे लवादात जातात. लवाद ठेकेदाराच्या बाजूने निकाल देतो, तरी सरकारी यंत्रणा न्यायालयात जातात आणि पैसे अडकतात. हा प्रश्न इतका मोठा झाला की २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने, निकाल आव्हानाखाली असला तरी बँक हमी घेऊन ७५ टक्के रक्कम ठेकेदाराला द्यावी, असा निर्णय घेतला. निकालाला आपोआप स्थगिती मिळण्याचं कलम २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, त्या खटल्यात अर्जदार हीच कंपनी होती.

आणि याच कंपनीची उपकंपनी लवासा. मुळशीच्या बाजूला, वरसगाव धरणाच्या काठावर अख्खं शहर उभारायचं. नोव्हेंबर २०१०मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं, मंजुरी मिळाली ती वर्षभराने. त्या वर्षात कर्जाचं व्याज थांबत नाही, नवी विक्री मात्र थांबते. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. बोगदे आणि सागरी सेतू बांधणाऱ्यांकडे अभियांत्रिकी कमी होती असं कोणी म्हणणार नाही. परवानगी, कर्ज आणि विक्री या तीन गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या असतात, एक अडली की तिन्ही अडतात. तुमच्या १२ गुंठ्यांतही तेच आहे, फक्त शून्यं कमी.

रस्त्यांत मात्र पैशाची रचना कामागणिक वेगळी असते, ती ओळखून उतरा. ईपीसीत (आराखडा, खरेदी, बांधकाम असा एकत्र ठेका) सरकार टप्प्याटप्प्याने बिल देतं, तुम्ही ठेकेदारच राहता. बीओटीत (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) वाहतुकीची जोखीम तुमची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची टोलवसुली २००४ मध्ये आयआरबी या कंपनीने १५ वर्षांसाठी घेतली तेव्हा महामंडळाला ९१८ कोटी आगाऊ दिले होते. म्हणजे पैसा आधी, वसुली नंतर. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या हॅममध्ये (हायब्रिड अॅन्युइटी पद्धत) ४० टक्के बांधकामाच्या काळात मिळतात, ६० टक्के विकासक उभे करतो आणि ते १५ वर्षांत सहामाही हप्त्यांनी परत येतात. टोलची जोखीम नाही, पण ६० टक्क्यांसाठी बँक उभी करावी लागते. तिथे अडचण बहुतेकदा भूसंपादनाची. जमीन ८० टक्के ताब्यात आल्याशिवाय काम सुरू झाल्याची तारीख स्वीकारली की यंत्रं उभी राहतात आणि भाडं चालू राहतं. सुरुवातीला अशा कामात उपठेकेदार म्हणून माती-मुरूम, मोऱ्या, बाजूची गटारं घ्या आणि मुख्य ठेकेदाराशी बिलाची मुदत लेखी ठरवा.

सांगलीकर_सिव्हिल:
सगळ्यांचे आभार. ताळेबंद, मालक ३० टक्क्यांवर येणार नाहीत असं दिसतंय. मधला मार्ग? आणि प्लिंथ_लेव्हल, बांधकामात ठेकेदाराला अडत नाही म्हणालात, तरी सरकारी कामापेक्षा वेगळी काळजी काय घ्यावी?

ताळेबंद:
मधला मार्ग असा: क्षेत्राऐवजी विक्रीतला वाटा. त्यात भाव वाढला तर मालकांचाही फायदा आणि पडला तर दोघांचंही नुकसान, म्हणून तारखांबद्दल मालकही सहकार्य करतात. किंवा ३२-३३ टक्के क्षेत्र द्या आणि आगाऊ अनामत परतीची ठेवा, बिनपरतीची नको. टीडीआर घेऊन मजले वाढवायचा मोह होईल. चौरस फुटाला ६,५०० भावात टीडीआरची किंमत, वरचं बांधकाम आणि मालकांचा वाढीव वाटा धरून जमतंय का ते आधी तपासा. ३५ च्या वर ते हटत नसतील तर ही जागा सोडा. पहिल्या प्रकल्पात जागा सोडता आली पाहिजे.

प्लिंथ_लेव्हल:
सरकारी कामापेक्षा वेगळं हे, की इथे ताबा दिल्यापासून ५ वर्षं रचनेतला आणि कामातला दोष ग्राहकाने दाखवला की ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. तक्रारी बहुतेक ओलीच्या असतात, तडे नंतर.

तुमच्याकडे काळी माती आहे. बोअर घेऊन माती परीक्षण करा आणि पाया पक्क्या थरावर न्या. काळ्या मातीत जोत्याचा भराव करू नका, मुरूम थराथराने पाणी मारून दाबा. भराव बसला की तळमजल्याची फरशी पहिल्याच वर्षी खचते.

काँक्रीटचे क्यूब आयएस ४५६ प्रमाणे: ६ ते १५ घनमीटरला २ नमुने, १६ ते ३० ला ३, ३१ ते ५० ला ४, आणि नमुना म्हणजे ३ क्यूब. ७ दिवसांची चाचणी हवी असेल तर क्यूब जास्तीचे भरा. एम-२५ काँक्रीटचा ७ दिवसांचा ताकदीचा आकडा १६-१७ न्यूटन प्रति चौ.मिमी.च्या खाली आला तर पुढचा स्लॅब थांबवा, २८ दिवसांची वाट बघत बसू नका. आरएमसीची (प्लांटवरून येणारं तयार काँक्रीट) गाडी आली की मजूर ‘पातळ करा’ म्हणून पाणी घालायला लावतात. ताकद तिथेच जाते. स्लम्प (काँक्रीटचा पातळपणा) कमी वाटला तर प्लांटच्या माणसाकडून अॅडमिक्श्चर (काँक्रीट सैल करणारं रसायन) घालून घ्या. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरता तर पाणी किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४ दिवस. स्लॅबवर वाफे करून पाणी ठेवा.

टॉयलेटचा सन्क (पाईपांसाठी खाली घेतलेला स्लॅब) सर्वांत जास्त बघा. पाईप टाकून झाल्यावर वॉटरप्रूफिंग, मग ७२ तास पाणी भरून ठेवायचं, खालच्या छताचा फोटो तारखेसह घ्यायचा, आणि मगच ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा भराव). फरशीवाला आला की पाईप हलवतो आणि केलेलं वॉटरप्रूफिंग फोडतो, म्हणून फरशीनंतर पुन्हा एकदा पाणी भरून बघा. २६ फ्लॅट, प्रत्येकी दोन, म्हणजे ५२ सन्क. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि रजिस्टर ठेवा. चार वर्षांनी तक्रार आली की प्लंबरचं काम की राहणाऱ्याने केलेला बदल, हे त्या रजिस्टरवरून आणि फोटोवरूनच ठरतं.